सातबारा घरात राहू द्या, आधी जाहिरात वाचा

सातारा-सांगलीकडच्या ज्या घरात एम.एस्सी., एम.टेक. किंवा एम.ए. झालेलं मूल आहे आणि 'आता पुढं काय?' हा विषय रोज जेवताना निघतो, त्या घरासाठी हे लिहितो आहे. मुलानं किंवा मुलीनं बिचकत 'परदेशात पीएच.डी. करावी म्हणतोय' असं म्हटलं, की आपल्याकडं पहिला प्रश्न विषयाचा नसतो, पैशाचा असतो. किती लाख लागतील? बँक तारण काय मागेल? विहिरीकडचा तुकडा गहाण टाकावा लागेल का? उत्तर सापडत नाही, मूल गप्प बसतं, आणि काही महिन्यांनी ते पुण्यात मिळेल त्या नोकरीत नाहीतर स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत दिसतं.

युरोपात दरवर्षी पीएच.डी.च्या अशा हजाराहून जास्त जागा निघतात, जिथं संशोधक विद्यार्थ्याला रीतसर नोकरीवर घेतात. नेमणूकपत्र मिळतं, दरमहा पगार मिळतो, आरोग्य विमा आणि हक्काच्या रजा असतात. नागरिकत्वाची अट नाही, वयाची अट नाही. या जागांना मेरी स्क्लोडोव्स्का-क्युरी यांचं नाव दिलेलं आहे आणि योजनेचं नाव आहे 'डॉक्टरल नेटवर्क्स'. युरोपबाहेरच्या ज्या देशांतल्या उमेदवारांना क्युरी योजनांतून सर्वाधिक संधी मिळाल्या, त्यांत भारत वरच्या क्रमांकावर आहे. म्हणजे आपल्याकडची मुलं तिथं पोचतात. आपल्या दोन जिल्ह्यांतली मात्र पोचायला हवीत तेवढी पोचत नाहीत, आणि हुशारी कमी पडते म्हणून हे होत नाही. ही वाट आहे हेच त्यांच्या घरात कुणी सांगितलेलं नसतं.

योजना कशी चालते ते नीट समजून घ्या, कारण पुढची सगळी तयारी त्यावर उभी राहते. पैसा युरोपियन युनियनचा. 2021 ते 2027 या सात वर्षांच्या 'होरायझन युरोप' कार्यक्रमात क्युरी योजनांसाठी सुमारे 660 कोटी युरो ठेवलेले आहेत. हा पैसा विद्यार्थ्याच्या हातात थेट येत नाही. किमान तीन वेगवेगळ्या देशांतल्या संस्था एकत्र येतात, एक मोठा विषय ठरवतात आणि मिळून प्रस्ताव देतात. या संस्थांत विद्यापीठं असतात तशाच कंपन्या, रुग्णालयं, संग्रहालयं, सरकारी प्रयोगशाळाही असतात. प्रस्ताव मंजूर झाला की त्या विषयाचे दहा-पंधरा तुकडे करून प्रत्येक तुकड्यावर एक पीएच.डी. उमेदवार नेमतात. म्हणजे एकाच विषयाच्या वेगवेगळ्या बाजूंवर दहा-पंधरा जणांची एक तुकडी एका वेळी कामाला लागते, वर्षातून काही वेळा सगळी एकत्र येतात, एकमेकांच्या प्रयोगशाळांत राहतात. आपला मुख्य मुक्काम सोडून दुसऱ्या संस्थेत किंवा कंपनीत काढायच्या या काळाला 'सेकंडमेंट' म्हणतात, आणि तो एकूण काळाच्या एक तृतीयांशापर्यंत असू शकतो. 'इंडस्ट्रियल डॉक्टरेट' नावाचा प्रकार असेल तर निम्मा काळ विद्यापीठाबाहेर, उद्योगात काढायचा असतो.

कमवा आणि शिका ही गोष्ट साताऱ्याला नवी नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली, ती 1924 मध्ये साताऱ्याला आणली, आणि वसतिगृहातल्या मुलांच्या हातात पुस्तकाबरोबर कुदळही दिली. ज्या घरात पुढं शिकायला पैसा नाही त्या घरातल्या मुलानं काम करत शिकावं आणि मान ताठ ठेवून शिकावं, हा त्यांचा आग्रह होता. ज्या आजोबांनी त्या वसतिगृहात दिवस काढले, त्यांना पगारी पीएच.डी. चटकन समजेल. ते नातवाला तरी समजावून सांगतील.

आता विषय. 'असले मोठे विषय आपल्या पोरांना कुठले जमणार' असं वाटत असेल तर विट्याकडं बघा. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ या तालुक्यांतली हजारो कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या गलाईच्या धंद्यात आहेत. सोनाराच्या पेढीवरची धूळ, कापूस, जुने दागिने, त्यातून आम्ल आणि आगीच्या जोरावर शुद्ध सोनं-चांदी वेगळी काढायची हे त्यांचं काम. केरळ-तमिळनाडूपासून नेपाळपर्यंत त्यांची दुकानं आहेत. युरोपात बेल्जियमच्या ल्यूवेन विद्यापीठाच्या पुढाकारानं 'सॉक्रेटिस' नावाचं असंच एक जाळं, म्हणजे नेटवर्क, 2016 मध्ये सुरू झालं. कारखान्यांतून उरणारी धातुमळी आणि राख यांतून मौल्यवान व दुर्मिळ धातू परत कसे मिळवायचे, कचरा शून्यावर कसा आणायचा, हा त्यांचा विषय. त्याआधी त्याच विद्यापीठाच्या पुढाकारानं जुन्या चुंबकांतले दुर्मिळ धातू परत काढण्यावरही एक जाळं चाललं होतं. गलाईवाल्याच्या घरातली रसायनशास्त्राची मुलगी या विषयापासून लांब नाही. तिच्या काकांच्या दुकानातल्या मुशीत जे घडतं, तेच ती मोजमापाच्या भाषेत मांडू शकते.

तासगाव-मिरजेच्या द्राक्ष बागायतदारांना तर युरोपातल्या प्रयोगशाळेचं महत्त्व वेगळं सांगायला नको. 2010 साली महाराष्ट्रातून गेलेल्या द्राक्षांत सीसीसी या वाढरोधक रसायनाचे अंश सापडले, माल अडकला, आणि त्या हंगामात अनेकांचं कंबरडं मोडलं. किती अंश चालेल, तो कसा मोजायचा, हे जिथं ठरतं तिथं आपल्या बागेतून गेलेलं एकही माणूस नसावं, हे मला फार खटकतं. ज्यांच्या घरात कुणी पीएच.डी. करणार नाही त्यांनाही हा विषय लागू आहे, तो असा.

तर पहिलं काम जाहिरात शोधण्याचं. युरोपियन युनियनचं 'युराक्सेस' नावाचं अधिकृत संकेतस्थळ आहे. या योजनेतल्या जागा तिथं प्रसिद्ध कराव्याच लागतात. पाहायला पैसे लागत नाहीत, अर्जालाही लागत नाहीत. शोधताना 'डॉक्टरल नेटवर्क' आणि आपला विषय असं टाका. जाळ्याचं नाव सापडलं की त्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावर जा, तिथं सगळ्या जागांची यादी असते. वर्षातून एकदा वाचून भागत नाही, आठवड्यातला एक वार ठरवा. रविवारी सकाळी तासभर बसलं तरी पुरतं.

जाहिरात हाताशी आली की ती नुसती चाळू नका, पेन्सिल घेऊन बसा. जागांना 'डीसी 1', 'डीसी 2' असे क्रमांक असतात. डीसी म्हणजे डॉक्टरल कॅंडिडेट. समजा 'डीसी 7' तुमच्या विषयाजवळची आहे. तिच्याखाली आधी कामाचा उद्देश असतो, मग कुठल्या विद्यापीठात नोंदणी होणार ते, गाईडचं नाव, आणि मग सेकंडमेंट: अमुक कंपनीत तीन महिने, तमुक संस्थेत दोन महिने, आणि तिथं काय शिकायचं ते. आपली मुलं हा शेवटचा भाग सोडून देतात. तोच नीट वाचायचा. त्या तीन महिन्यांत कंपनीला तुमच्याकडून काय हवं आहे ते त्या दोन ओळींत लिहिलेलं असतं. गाईडचे गेल्या दोन-तीन वर्षांतले लेख शोधा, निदान दोन पूर्ण वाचा. एका जाळ्यात साधारणपणे दोन-तीन जागांनाच अर्ज करता येतो, म्हणून दिसेल तिथं अर्ज टाकण्यात वेळ घालवू नका.

एका नियमात आपली बरीच मुलं अडकतात, तो आधीच सांगून ठेवतो. ज्या देशात नेमणूक होणार, त्या देशात तुम्ही नेमणुकीच्या आधीच्या 36 महिन्यांत 12 महिन्यांपेक्षा जास्त राहिलेले किंवा काम केलेले नसावेत. इथून थेट जाणाऱ्याला याची काहीच अडचण नाही. पण कर्ज काढून जर्मनीत दोन वर्षं एम.एस. केलं आणि मग जर्मनीतल्याच जागेला अर्ज केला, तर लगेच तरी तो बसत नाही. अशा मुलानं नेदरलँड्स, स्पेन, फिनलंड, इटली इकडं बघावं. दुसरी अट: आधी पीएच.डी. झालेली नसावी. तिसरी विद्यापीठांची असते, बहुतेक ठिकाणी पदव्युत्तर पदवी मागतात. बी.ई. झालेल्यांनी हे लक्षात घ्यावं. पदव्युत्तर शिक्षणासाठीच बाहेर जायचं असेल तर युरोपच्या 'इरॅस्मस मुंडस' संयुक्त अभ्यासक्रमांकडं पाहा. शिष्यवृत्ती मिळाली तर फी माफ आणि दरमहा 1,400 युरो मिळतात, आणि तिथून पीएच.डी.कडं जाणं सोपं होतं. मात्र वरचा 12 महिन्यांचा नियम तेव्हाही डोक्यात असू द्या.

मग येतं अर्जासोबतचं पत्र. आपल्याकडं हे पत्र एकाचं दुसऱ्याकडं, दुसऱ्याचं तिसऱ्याकडं असं फिरतं. 'मी लहानपणापासून विज्ञानाची आवड असलेला, कष्टाळू आणि प्रामाणिक विद्यार्थी आहे', मग महाविद्यालयाची थोरवी, मग गाईडची स्तुती. निवड करणाऱ्यांपुढं अशी पत्रं ढिगानं येतात. आता दुसरं पत्र डोळ्यांपुढं आणा. पुराच्या अंदाजावर काम करणारं एखादं जाळं आहे आणि सांगलीची मुलगी अर्ज करते आहे. ती लिहिते, 'आमच्या शहरात कृष्णेच्या पाण्याची पातळी आयर्विन पुलावर मोजतात. 40 फूट ही इशारा पातळी, 45 फूट धोक्याची. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं. कोयनेतून सोडलेलं पाणी आमच्यापर्यंत यायला लागणारा वेळ आणि मध्ये पडणारा पाऊस यांचा हिशेब मी माझ्या एम.टेक.च्या प्रकल्पात मांडला. मला तो जमला तो अमुक टप्प्यापर्यंत, पुढं अडला तो अमुक कारणानं, आणि तुमच्या डीसी 7 मध्ये नेमकं त्याच्या पुढचं काम आहे.' पाच-सहा वाक्यं. वाचणाऱ्याला कळतं की हिला प्रश्न ठाऊक आहे, आकडे ठाऊक आहेत, आणि आपलं काम कुठं अडलं हे सांगायची तिला लाज वाटत नाही.

असे विषय आपल्या दोन जिल्ह्यांत पावलापावलावर आहेत. पाटण तालुक्यातल्या मुलांनी भूकंपाचे हादरे पुस्तकात वाचलेले नाहीत, घरात बसून सोसलेले आहेत. 11 डिसेंबर 1967 च्या कोयनेच्या भूकंपानंतर धरणाचं पाणी आणि भूकंप यांच्या नात्याचा अभ्यास करणाऱ्या जगभरच्या शास्त्रज्ञांचं लक्ष कोयनेकडं लागलं. गोठणे गावाजवळ 2017 मध्ये तीन किलोमीटर खोल विंधन विवर पूर्ण झालं, कराडला केंद्र सरकारची भूभौतिकीची प्रयोगशाळा आहे, आणि या कामाच्या आखणीत आंतरराष्ट्रीय भूखनन कार्यक्रमाचा सहभाग राहिला आहे. परदेशी शास्त्रज्ञ कोयनेला येतात आणि कोयनेच्या मुलाला वाटतं की हा विषय आपला नव्हे, तो त्यांचा. हरिपूरच्या हळदीची पेवं घ्या. जमिनीखालच्या त्या खड्ड्यांत हळद वर्षानुवर्षं टिकते, ती का टिकते हा अन्नशास्त्राचा उत्तम प्रश्न आहे. माण-खटावचा दुष्काळ, महाबळेश्वरचा पाऊस, कासचं पठार, सहकाराचा इतिहास हेही विषयच आहेत. क्युरी योजनेत विषयाचं बंधन नाही, इतिहास, समाजशास्त्र आणि भाषाशास्त्राचीही जाळी असतात. एम.ए. झालेल्यांनी स्वतःला आधीच वगळू नये.

पैशाचं आता स्पष्ट बोलू. 2021 पासूनच्या नियमांत मूळ भत्ता दरमहा 3,400 युरो होता, नंतरच्या फेऱ्यांत तो वाढवलेला आहे. त्यावर प्रवास-स्थलांतराचा वेगळा भत्ता, आणि उमेदवार विवाहित असेल किंवा त्याला मूल असेल तर कुटुंब भत्ता. रुपयांत आकडा मोठा दिसतो, पण तो पूर्ण हातात येत नाही. त्या त्या देशाच्या महागाईप्रमाणं तो कमी-जास्त होतो, आणि त्यातून नोकरी देणाऱ्याचा वाटा, कर, विमा, निवृत्तिवेतन असं सगळं वजा होतं. म्हणून गावात 'पोरगं महिना तीन लाख मिळवतंय' असं सांगत सुटू नका. उरतात त्या पैशांत एका माणसाचं तिथलं राहणं-खाणं नीट भागतं, काटकसर केली तर थोडं शिल्लकही पडतं. नेमणुकीपूर्वी 'सगळं वजा जाता हातात किती येतील?' हा प्रश्न पत्र लिहून सरळ विचारा. विद्यापीठाची फी कोण भरणार, हेही विचारा. असं विचारण्यात उद्धटपणा नाही, तिथं ते अपेक्षितच असतं.

आणि एक प्रश्न तर विचारल्याशिवाय सही करूच नका: पैसे किती महिने? बहुतेक जाहिरातींत 36 महिने लिहिलेलं असतं, अलीकडं काहींत 48. पण पीएच.डी. पूर्ण व्हायला बऱ्याच देशांत चार वर्षं लागतात. मग चौथ्या वर्षाचा पगार कुठून?

हा प्रश्न किती जुना आणि किती खरा आहे ते साताऱ्यानं तरी विसरू नये. 7 नोव्हेंबर 1900 रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत ज्यांचं नाव दाखल झालं, त्या भीमराव आंबेडकरांना 1913 साली सयाजीराव गायकवाडांनी कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. मुदत तीन वर्षं, आणि परतल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानात नोकरी करण्याचा करार. कोलंबियाहून ते 1916 मध्ये लंडनला गेले, संशोधन रंगात आलं, आणि शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळं 1917 मध्ये ते अर्धवट टाकून परतावं लागलं. पुन्हा लंडन गाठायला 1920 उजाडलं. त्यासाठी नोकरी करून पैसे साठवावे लागले, कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत झाली, नवल भथेना या मित्राकडून कर्ज घ्यावं लागलं. डी.एस्सी. मिळाली 1923 मध्ये. एवढ्या तोलाच्या माणसाचीही वर्षं पैशाच्या मुदतीपायी गेली. तुमच्या मुलाला तर आज फक्त एक ओळीचं पत्र लिहायचं आहे: 'प्रकल्पाचे पैसे संपल्यावर प्रबंध पूर्ण होईपर्यंत पगाराची सोय काय?' चांगला गाईड याचं सरळ उत्तर देतो. उत्तर टाळलं, तर दुसरी जागा पाहा.

मुलींच्या आईवडिलांशी थोडं वेगळं बोलायचं आहे. 'आधी लग्न, मग सासरच्यांनी पाठवलं तर शिक्षण' हा आपल्याकडचा क्रम अजून मोडलेला नाही. या योजनेत लग्न आड येत नाही. विवाहित उमेदवाराला कुटुंब भत्ता मिळतो, आणि घरचे सोबत गेले नाहीत तरी मिळतो. बाळंतपणाची रजा असते. शिक्षणात काही वर्षं खंड पडला म्हणून अपात्र ठरवत नाहीत. ज्या मेरी क्युरींच्या नावानं हे सगळं चालतं, त्यांच्या वॉर्सा शहरातल्या विद्यापीठात तेव्हा मुलींना प्रवेशच नव्हता. मेरी लोकांच्या घरी राहून मुलांना शिकवत, पैसे साठवत आणि पॅरिसला वैद्यकीय शिकणाऱ्या थोरल्या बहिणीला पाठवत. बहीण मार्गी लागल्यावर 1891 मध्ये त्या स्वतः पॅरिसला गेल्या. पुढं दोन नोबेल. दोन बहिणींनी एकमेकींना उभं केलं, ते तुमच्या घरातही होऊ शकतं. सुनेच्या बाबतीतही होऊ शकतं, सासूबाईंनी मनावर घेतलं तर.

दुसरे आहेत ते महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकवणारे. एम.एस्सी. आहे, सेट-नेट आहे, वय तिशीच्या पुढं गेलंय, आणि जूनमध्ये पुन्हा नेमणूक होते की नाही या काळजीत दर वर्ष जातं. पीएच.डी. झालेली नसेल तर तुम्ही या योजनेला पात्र आहात, वयाचा अडसर नाही. आणि शिकवण्याचा अनुभव वाया गेलेला नसतो. अवघड गोष्ट वर्गाला समजेल अशी सांगण्याची सवय मुलाखतीत फार उपयोगी पडते. मुलाखत बहुधा व्हिडिओ कॉलवर होते, आधी दहा-पंधरा मिनिटं आपल्या कामावर बोलायला सांगतात आणि मग प्रश्न. इंग्रजी फर्डं हवं असं नाही. सावकाश बोला, समजलं नाही तर 'प्रश्न पुन्हा सांगाल का?' असं म्हणा, येत नसेल ते येत नाही म्हणा.

सांगलीच्या विश्रामबागेपासून साताऱ्याच्या पोवई नाक्यापर्यंत परदेशी शिक्षणाच्या सल्लागारांच्या पाट्या लागल्या आहेत. सगळेच वाईट नसतील, पण या योजनेसाठी मध्यस्थाची गरजच नाही. जागा मिळवून देतो म्हणून कुणी पैसे मागितले तर उठून घरी या. नेमणूक विद्यापीठ किंवा जाळ्यातली दुसरी संस्था करते, पत्रव्यवहार तिच्याच ईमेलवरून होतो, आणि आलेलं पत्र खरं की खोटं हे तिच्या संकेतस्थळावरून गाईडचा पत्ता शोधून थेट विचारता येतं.

इथंच राहून पीएच.डी. करण्यात कमीपणा आहे असं कुणी समजू नये. नेटमधून जेआरएफ मिळाली तर 1 जानेवारी 2023 पासून दरमहा 37,000 रुपये आणि पुढं 42,000 मिळतात. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्याही फेलोशिप आहेत, त्यांच्या अटी दरवर्षी जाहिरातीत पाहाव्यात. शिवाजी विद्यापीठात पदार्थविज्ञानात चांगलं काम करून आपली अनेक मुलं पुढं दक्षिण कोरियात गेली. वाटा अनेक आहेत. मी यातल्या एकाच वाटेवर इतकं बोलतो आहे, कारण तीच आपल्याकडं सगळ्यात कमी ठाऊक आहे.

आता थोडं प्राचार्यांशी आणि कारखानदारांशी. या जाळ्यांत भारतातली संस्था किंवा कंपनी 'असोसिएटेड पार्टनर' म्हणून येऊ शकते. तिला युरोपकडून थेट पैसे मिळत नाहीत, पण जाळ्यातला उमेदवार काही महिने तिच्याकडं येऊन काम करू शकतो आणि त्याचा पगार तिकडूनच चालू राहतो. सांगलीचं वालचंद महाविद्यालय, कराडचं शासकीय अभियांत्रिकी, राजारामनगरचं आरआयटी, साताऱ्याचं कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ, आणि दुसऱ्या बाजूला किर्लोस्करवाडीचे पंप, साखर कारखाने, बेदाण्याची शीतगृहं, हळदीच्या गिरण्या. शिक्षण आणि उद्योग इतके शेजारी शेजारी असलेली ठिकाणं फार थोडी. औंधच्या राजांनी दिलेल्या माळरानावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये कारखाना उभा केला तेव्हा आसपास अभियांत्रिकी महाविद्यालय नव्हतं. आज महाविद्यालयं आहेत, पण त्यांचा आणि कारखान्याचा संबंध औद्योगिक सहलीपुरता उरला आहे. देशातही कंपनी आणि सरकार यांनी निम्मा-निम्मा खर्च उचलून पीएच.डी.ला फेलोशिप देण्याची पंतप्रधानांच्या नावाची योजना 2012 मध्ये सुरू झाली. साखर कारखान्यानं दोन मुलांच्या फेलोशिपचा निम्मा वाटा उचलला तर गाळपाच्या हंगामात तो खर्च जाणवणारही नाही, आणि पाण्याचा पुनर्वापर किंवा बगॅसचा एखादा प्रश्न तीन-चार वर्षं एक हुशार माणूस सतत धरून बसेल.

प्रत्येक महाविद्यालयानं एक प्राध्यापक या कामाला नेमावा. जाहिराती शोधायच्या, अर्ज तपासायचे, मुलाखतीची तालीम घ्यायची. आणि शिफारसपत्र मागायला आलेल्या मुलाला 'तूच लिहून आण, मी सही करतो' असं सांगणं कृपा करून बंद करा. वाचणाऱ्याला ते लगेच कळतं आणि नुकसान मुलाचं होतं. या मुलानं प्रयोगशाळेत नेमकं काय केलं, कुठं चुकला, कसा सावरला, हे गाईडनं स्वतः लिहिलेलं साधं पत्र जास्त किमतीचं.

राहिला सुरुवातीचा खर्च. पगार सुरू झाल्यावर चिंता नाही, पण त्याआधी व्हिसा, विमानाचं तिकीट, तिथल्या खोलीची अनामत आणि पहिला महिना यांना दोन-तीन लाख रुपये लागतात. निवड होऊनही इथं मूल अडू शकतं. कराडजवळच्या गोळेश्वरचे पैलवान खाशाबा जाधव यांना 1952 मध्ये हेलसिंकीच्या ऑलिम्पिकला पाठवायला गावकऱ्यांनी वर्गणी काढली आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवलं. आज कुणाला घर गहाण ठेवायचं नाही. गावच्या पतसंस्थेनं, माजी विद्यार्थी संघानं किंवा देवस्थानच्या विश्वस्तांनी वीस लाखांचा फिरता निधी बाजूला काढला तरी सहा मुलं एका वर्षात जातील. नेमणूकपत्र पाहून तीन लाख बिनव्याजी द्यायचे, पहिल्या पगारापासून दरमहा ठरावीक रक्कम परत घ्यायची, आणि वर्षभरात तोच पैसा पुढच्या मुलांना मिळतो. वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेत यंदा हा विषय घ्या. पहिले अर्जदार महाविद्यालयातल्या त्या नेमलेल्या प्राध्यापकाकडून नावानिशी मागवा.